मेहरुनभाभीचा ओव्हन आणि मडमेचा नाच

"औंदा आमचे पत्रे भट्टीवर जायाचे न्हाईत," असं मेहरुनभाभीनं नळावर सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं आणि हंडा कमरेवर घेऊन ती अशी काही ताठ मानेनं घरी निघाली, की निम्मं पाणी वाटेतच सांडलं. रोजे सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. नळावरच्या बायका एकमेकींकडं बघत राहिल्या. शिरूरच्या त्या गल्लीत इतकी मोठी बातमी बऱ्याच दिवसांत फुटली नव्हती.

बाहेरच्या माणसाला यात काय मोठं, असं वाटेल. पण या गल्लीत नानकटाई घरात व्हायची ती फक्त कच्ची. परातीत तूप फेसायचं, मैदा, रवा, बेसन मिसळायचं, वेलदोडा घालायचा, गोळे दाबून काळ्या पत्र्यावर मांडायचे, इथवर घरचा कारभार. पुढं पत्रा डोक्यावर घ्यायचा, बेकरीच्या भट्टीवर जायचं आणि नंबर लावून बसायचं. दिवाळीला हिंदूंच्या घरचे पत्रे, ईदेला मुसलमानांच्या घरचे. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार पाच साली, तर दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आलेली. म्हणजे भट्टीपुढं बसायला गोणपाटाचा तुकडासुद्धा मिळणार नाही, हे आधीच ठरलेलं.

आणि मेहरुनभाभीचं भट्टीशी जुनं वाकडं. तिची नानकटाई साजूक तुपाची. दरसाल तिथं एखादा तरी पत्रा बदलायचा, हिचा माल कुणाच्या तरी घरी पोचायचा आणि हिच्या डब्यात डालडा यायचा.

"वासावरनं कळतंय मला," ती भट्टीवाल्याला म्हणायची.

"मग वास घेऊन घेऊन उचला की," तो म्हणायचा.

एका वर्षी खूण म्हणून तिनं प्रत्येक गोळ्यावर अंगठ्याचा ठसा उमटवला. नक्षी सगळ्यांना आवडली. पुढच्या वर्षी अख्ख्या गल्लीनं अंगठे उमटवले.

भाभी मूळची दौंडची. तिचे वडील दस्तगीर तिथं रेल्वेच्या आरामघरात आचारी होते. गाड्या घेऊन आलेले ड्रायव्हर तिथं मुक्कामाला असायचे, आणि त्यांच्यासाठी स्वैपाकघरात लोखंडी दाराची मोठी भट्टी होती. लहानगी मेहरुन बापाचा डबा घेऊन जायची ती डब्यासाठी नव्हेच, त्या दारासाठी. बाप फडक्यानं दार उघडायचा, आतनं ऊन वाफ तोंडावर यायची, तूप आणि वेलदोडा नाकात शिरायचा. आयुष्यात सुख म्हणजे काय, हे तिला त्या दारातच पहिल्यांदा कळलं. लग्नात बापानं भांड्यांबरोबर एक काळा पत्रा दिला, कोपरे स्वतःच्या हातानं दुमडलेला. "भट्टी देता येत न्हाई," म्हणाला, "पत्रा घे."

सासरी आली तर चूल. पुढं स्टो, त्याच्यापुढं दोन शेगड्यांचा गॅस. भाभीनं कधी तक्रार केली नाही. कुणाला साडीची हौस असते, कुणाला पाटल्यांची. हिला दाराच्या भट्टीची हौस होती, आणि ती तिनं कुणाला सांगितली नव्हती, कारण सांगितली असती तर गल्लीनं पहिला प्रश्न विचारला असता, ठेवणार कुठं?

सांगितली होती एकालाच. नवऱ्याला. आणि शेखलालच्या कानात गेलेली गोष्ट म्हणजे टपरीवर लावलेला रेडिओ. पण या एका गोष्टीच्या बाबतीत त्याला मानलं पाहिजे. त्यानं ती कुणाला सांगितली नाही, नुसती ध्यानात ठेवली.

शेखलालचा टेम्पो. शिरूर ते रांजणगाव, रांजणगाव ते शिक्रापूर, कंपन्यांतल्या साहेबलोकांची घरं हलवायची कामं त्याच्याकडं यायची. त्या वर्षीच्या होळीच्या सुमाराला एक परदेशी साहेब कायमचा आपल्या देशी निघाला. त्याच्या बंगल्यावर स्वैपाकघरात एक धूड होतं, वर गॅसच्या चार शेगड्या आणि खाली विजेवर चालणारा ओव्हन, काचेच्या दाराचा. साहेबाला ते नेणं परवडत नव्हतं. शेखलालनं भाड्याच्या जागी ते धूडच मागून घेतलं.

आता खरी गंमत. सामान भरून झालं, ताडपत्री आवळून झाली, शेखलाल चावी फिरवणार तेवढ्यात साहेबाची मडम धावत फाटकाशी आली. तिला मराठी येईना, याला तिची बोली कळेना. दोघांच्या मध्ये इंग्रजीचे दोनच शब्द.

"लॉक, प्रॉब्लेम," मडम म्हणाली.

"नो प्रॉब्लेम," शेखलाल म्हणाला.

"लॉक! प्रॉब्लेम!"

"नो प्रॉब्लेम म्याडम, रस्सी बांधलीय."

मडमेनं कपाळाला हात लावला. मग तिनं तिथंच फाटकात उभं राहून दोन्ही तळवे छातीपुढं धरून हवेत रेटले, उजवा गुडघा उचलून तोही हवेत टेकवला, हनुवटी वर केली आणि "ऊंऽऽऽ" असा सूर लावला. सूर संपल्यावर हात मोकळे सोडून हसली आणि 'कळलं ना?' अशा नजरेनं बघू लागली. शेखलालला वाटलं, यांच्या मुलखात निरोप असाच देत असतील. माणुसकी म्हणून तो गाडीतनं खाली उतरला, त्यानंही गुडघा उचलून ऊं केलं, सलाम ठोकला आणि गाडी हाणली. मडम मागं फाटकात तशीच उभी होती.

तेव्हापासून शेखलालचं नशीब उजळलं. "मडमेचा नाच" म्हटलं की टपरीवर चहा फुकट. जसजसा चहा मिळत गेला तसतसा नाच वाढत गेला. आधी नुसता गुडघा होता, मग कंबर आली, मग ऊंचा आलाप झाला. मोतिबिंदू झालेले म्हातारेसुद्धा "शेखलाल, एकदा ती मडम दावा," म्हणायचे. गल्लीतल्या पोरांना सुद्धा तो पाठ झाला होता.

घरी मात्र त्या धुडानं मेहरुनभाभीची झोप उडवली होती. आलं त्याच दिवशी शेजारच्या मालनबाई बघायला आल्या. मालनबाई म्हणजे गल्लीचं वर्तमानपत्र, तेही सकाळ-संध्याकाळ निघणारं. बाजारात फुलं विकायच्या आणि फुलांबरोबर बातम्या वरकड द्यायच्या. त्यांनी काचेतून आत डोकावलं आणि तोंडाला पदर लावून विचारलं, "भाभी, ती परदेशी माणसं. ह्याच्यात काय काय भाजलं आसंल वं?"

भाभीच्या मनात तेच होतं. जे आपल्या घरात चालत नाही ते यात शिजलं असेल, तर यातली नानकटाई ईदेच्या दस्तरखानावर कशी ठेवायची? तिनं साबणानं धुतलं, राखेनं घासलं, परत धुतलं, तरी मन घेईना. मग तिचा मुलगा सोहेब रांजणगावच्या पाळीवरून आला, त्यानं बटणांवरचं इंग्रजी वाचलं आणि म्हणाला, "अम्मी, यात एक साफसफाईचं बटण हाय. आतनं इतकं तापतं की जे चिकटलंय त्याची राख व्हती. तवर दाराला आतनं आपोआप कडी लागती."

राख म्हटल्यावर भाभीचा जीव भांड्यात पडला. आगीनं साफ झालं म्हणजे पाक झालं. तिनं बापानं दिलेला काळा पत्राही आत ठेवला, इतक्या वर्षांची भट्टीवरची काजळी त्याचीही जळून जाऊ दे म्हणून. बटण फिरवलं. शेगड्यांच्या पाठीमागच्या पट्टीवर लाल दिवा लागला, आतनं खट्ट वाजलं, ओव्हन तापायला लागला. आणि अर्ध्यात लाईट गेली.

त्या काळात लाईट जाणं म्हणजे काही बातमी नव्हती. बातमी ही, की लाईट आली तरी दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. लाल दिवा तसाच. वरच्या शेगड्या झक्क चालायच्या, खालचं दार गप्प. काचेतून आतला पत्रा दिसायचा, जाळीवर बसलेला, रुसलेल्या जावयासारखा.

भाभीनं हे गल्लीपासून लपवलं. कुणी विचारलं तर "रमजानमदी मुहूर्त करायचाय," म्हणायची. नवरा-बायकोची भांडणं एरवी घरात त्यांच्या बोलीत चालायची आणि ऐन रंगात आली की मराठीत, म्हणजे गल्लीलाही न्याय करता यावा. पण ओव्हनवरून भांडण झालं की भाभी पुन्हा बोलीवर यायची, तेही दबक्या आवाजात. त्यावरूनच मालनबाईंनी ओळखलं होतं, की काहीतरी आहे.

म्हणून त्या दिवशी नळावर मालनबाईंनी टाचणी टोचली. "भाभी, त्यो तुमचा ओव्हन का फोव्हन, शोभेचाच हाय व्हय? वर झाकण घालून आमच्यासारखं टीव्ही ठेवा की त्याच्यावर!"

बायका हसल्या. आणि भाभीच्या तोंडून ते निघून गेलं, "औंदा आमचे पत्रे भट्टीवर जायाचे न्हाईत."

"आगं बया! मग आमचाबी एक पत्रा घ्या की भाजून," मालनबाई म्हणाल्या.

"घीन की. आणा."

घरी येऊन हंडा ठेवला तेव्हा तिला घाम फुटला होता. त्यात भर म्हणून दौंडहून भावाचा फोन आला. अब्बा यंदा ईदेला शिरूरला येतो म्हणतात, तू ओव्हन घेतलास हे ऐकून पोरासारखे झालेत, म्हणतात माझ्या पत्र्याला तूप मीच लावणार.

आता मात्र माणूस बोलावणं भाग होतं, आणि गल्लीत विजेचं कळणारा माणूस एकच, भारत, मोटारी भरणारा. शेतातल्या विहिरीवरच्या मोटारी जळाल्या की लोक त्याच्याकडं आणत. अडचण एवढीच, की भारत मालनबाईंचा मुलगा. भाभीनं त्याला शपथ घातली, "भारत, आईला सांगायचं न्हाई." त्यानं गळ्याला हात लावून शपथ घेतली. तो दुपारी घरी जेवायला गेला, आणि संध्याकाळी मालनबाई पुदिना द्यायच्या निमित्तानं येऊन अगदी मायेनं म्हणाल्या, "भाभी, मी कुणाला न्हाई सांगायची बरं का." त्या रात्री भाभी नीट जेवली नाही.

भारतनं मात्र काम मनापासून केलं. ओव्हनचं मागचं झाकण खोललं, आत टेस्टर घातला, बटण साफसफाईवर नेऊन परत बंदवर आणलं आणि कान लावला.

"ऐका भाभी. आत बारकी मोटर हाय. ती आकडा फिरवती. आकडा पडला की दार बंद, उठला की मोकळं. आता ऐका."

आतनं आवाज आला, ऊंऽऽऽ. थोडा वेळ झाला आणि थांबला. लाल दिवा तसाच.

"बोलतीय, पण ओढत न्हाई," भारत म्हणाला. "हिरीवरच्या मोटरीत कायतर अडकलं की ती बी नुसती घूं करती, तसलंच. आकडा कुठंतर घासतोय. आन् आपल्याकडची लाईट म्हंजी अशक्त. जोर पुरत न्हाई तिला."

"मग?"

"मग काय, कटर आणतो. दार कापू."

"दार कापलं तर मग काय ऱ्हायलं त्याच्यात?" भाभी म्हणाली. "कपाट?"

भारतनं तेल सोडून पाहिलं, फटीतून करवतीचं पातं घालून पाहिलं, शेवटी एक चापटही मारून पाहिली, जी त्याच्या धंद्यात सगळ्यात शेवटी मारतात. आकडा हलला नाही.

वसुबारसेच्या दिवशी दुपार कलताना दस्तगीरबाबा एसटीनं आले. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात पिशवी, तोंडात दात नाहीत, पण चालणं अजून गाडीची वेळ गाठायची असल्यासारखं. घरात आल्या आल्या सरळ ओव्हनपुढं उकिडवे बसले. काचेवरून हात फिरवला. मग लेकीकडं वळून म्हणाले, "पत्रा काढ. तूप आण. मी लावतो."

भाभी इतकी गडबडली, की म्हणाली, "अब्बा, आधी च्या घ्या."

"आगं येडे, रोजा हाय माझा. तुझाबी असंल ना?"

कोपऱ्यात शेखलालनं हसू खोकल्यात दडवलं. तेवढ्यात दारातनं मालनबाई आत आल्या, डोक्यावर मळलेल्या पिठाची परात, वर ओलं फडकं, मागं त्यांचा पत्रा घेतलेला भारत. मालनबाईंना सगळं ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही त्या पीठ घेऊन आल्या होत्या. आता हे त्यांनी गंमत बघायला केलं की भाभीचा शब्द खाली पडू नये म्हणून केलं, हे खुद्द मालनबाईंनाही सांगता आलं नसतं. माणसाच्या मनात दोन्ही असतं.

"भाभी, तूप सैल व्हाया लागलं. लाईट साडेसहाला जाती. घ्या लवकर," त्या म्हणाल्या.

परात खाली ठेवली गेली. बाप उकिडवा बसलेला, हात पुढं केलेला, पत्र्यासाठी. भाभीनं एकदा परातीकडं पाहिलं, एकदा बापाच्या हाताकडं, आणि खाली बसून सांगून टाकलं.

"अब्बा, पत्रा आत हाय. दार उघडत न्हाई. होळीपासनं."

म्हाताऱ्यानं काचेतून आत पाहिलं. जाळीवरचा पत्रा ओळखीचा, कोपरे ओळखीचे. त्यांनी हळूच हात मागं घेतला आणि म्हणाले, "व्हतं असं. लोखंड हाय." पण त्यांचा चेहरा उतरला, आणि तो लेकीपासून लपवण्यासाठी ते उठून खाटेवर जाऊन बसले. भाभीला वाटलं, यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

घरात असं सुतक पडलं की शेखलालला सहन होत नाही. रोजानं तोंड सुकलेलं, तरी त्याच्याकडं एकच औषध होतं. "अब्बा, ही भट्टी आली कशी ती गंमत सांगतो," म्हणून तो उठला.

"आता नगं," भाभी म्हणाली.

पण तो उभा राहिलाच. खोली केवढी, तर खाट, ओव्हन आणि मध्ये माणूस वळेल एवढी जागा. खाटेवर सासरे, म्हणून त्यांना बाजूनं नीट दिसावं असा तो वळला, आणि तोंड आलं ओव्हनकडं. त्यानं तळवे पुढं रेटले, गुडघा उचलला, हनुवटी वर केली, ऊंऽऽ केलं, कंबर हलवली. मालनबाई पदरात हसल्या. भारत हसला. दस्तगीरबाबा हसले नाहीत. ते लक्ष देऊन बघत होते, जसं आचारी दुसऱ्या आचाऱ्याचा हात बघतो.

"पण ती नाचली कशाला?" त्यांनी विचारलं.

शेखलाल गुडघा वर धरूनच म्हणाला, "आता ते मला काय ठाऊक?"

"गाडीमागं पळत आली म्हणतोस. उगं कोण पळत येऊन नाचतं?"

सात महिने हा नाच अख्ख्या शिरूरनं पाहिला होता. टपरीनं पाहिला, स्टँडनं पाहिला. पण ती कशाला नाचली, हे कुणी एकानं विचारलं नव्हतं.

भाभी खाली बसलेली होती, म्हणून तिला ते दिसलं. नवऱ्याचा उचललेला गुडघा बरोबर ओव्हनच्या दाराच्या मधोमध होता. तळवे बरोबर दाराच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांसमोर. आणि हनुवटी वर केली की नजर जाते ती पाठीमागच्या पट्टीवर, जिथं लाल दिवा असतो.

"थांबा," ती म्हणाली. "पाय खाली ठिवू नका."

"आगं पडंन मी."

"पडा, पण पाय ठिवू नका. ते ऊं परत करा."

"ऊंऽऽ," शेखलाल एका पायावर डुलत म्हणाला.

"भारत, असंच मोटर बोलती ना रं?"

भारतचं तोंड उघडं राहिलं. "आयला! दार दाबायला सांगत व्हती ती! मोटर बोलती तवर दार आत रेटायचं, म्हंजी आकड्यावरचा भार जातो. मग त्यो उठतो." आणि स्वतःच्याच डोक्यात टपली मारून घेतली.

"मग रेटा की," मालनबाई ओरडल्या. "साडेपाच वाजत आल्यात!"

भारतनं बटण धरलं. शेखलालनं दाराला गुडघा लावला, पण त्याला हसू आवरेना, आणि हसणाऱ्या माणसाच्या गुडघ्यात जोर राहत नाही. मोटर बोलली आणि थांबली. दिवा तसाच.

"बाजूला व्हा," भाभी म्हणाली.

बापासमोर, शेजाऱ्यांसमोर, लेकीचं लग्न करून दिलेल्या बाईनं गुडघा उचलून उभं राहायचं, म्हणजे लाज वाटणारच. तिनं पदर खोचला, डोळे मिटून एकदा बिस्मिल्ला म्हटलं आणि दोन्ही तळवे दारावर ठेवले. गुडघा लावला. "भारत, फिरव."

ऊंऽऽऽ. भाभीनं सगळा जोर दारावर टाकला. भट्टीपुढं गोणपाटावर काढलेली सगळी वर्षं, बदललेले सगळे पत्रे, सगळा डालडा त्या गुडघ्यात आला असेल. हनुवटी वर, डोळे दिव्यावर. आवाज चढला, अडला, आणि खट्ट झालं. लाल दिवा विझला.

ती मागं सरली आणि कडीला बोट घालून हलकेच ओढलं. दार उघडलं, जसं काही कधी बंदच नव्हतं.

आत राखेचा एक पापुद्रा होता. भाभीनं पत्रा काढून बापाच्या हातात दिला. काळा पत्रा तापून निळसर झाला होता, पारव्याच्या मानेसारखा. दस्तगीरबाबांनी तो उजेडाकडं धरला, कोपरे चाचपले. "आता ह्याच्यात कुणी काय शिजवलं आसंल त्याची फिकीर सोड," ते म्हणाले. "आगीनं सगळं घेतलं. पत्राबी नवा केला." आणि बोटानं तूप लावायला बसले, कडेपासून मध्याकडं, दौंडला लावायचे तसं.

भाभी मात्र उघड्या दारापुढं उभीच होती. "बिचारी," ती म्हणाली. "फाटकात हुबी ऱ्हाऊन सांगत व्हती. आन् आपण सात म्हैने हसत व्हतो."

शेखलालनं फडकं घेतलं आणि तो आतली राख पुसायला बसला. शेखलालनं फडकं हातात धरलं, ही त्या घरातली दुसरी मोठी घटना.

पहिला घाणा भाभीचा, तिनं सकाळीच मळून झाकून ठेवलेल्या पिठाचा. तूप सुटल्याचा वास दारातून गल्लीत गेला आणि नळावर उभ्या असलेल्या बायकांनी माना वळवल्या. मालनबाई तो वास स्वतः केल्यासारख्या दारात उभ्या राहून सगळ्यांना सांगत होत्या, "व्हय, इथंच! भट्टी न्हाई, इथंच!"

अजान झाली. खजुरानं रोजा सुटला. भाभीनं बशीत गरम नानकटाई ठेवून बापापुढं केली, मधोमध अंगठ्याचा ठसा. दात नसलेल्या माणसानं ती चहात बुडवली, तोंडात धरली आणि बाबा डोळे मिटून बसले. सगळे थांबले. भारतनं सुद्धा पक्कड खाली ठेवली.

"खालनं जरा जास्त झाली," दस्तगीरबाबा म्हणाले. "मालनबाईंच्या टायमाला पत्रा वरच्या खणात लाव. आन् मधी एकदा फिरव, हिची डावी बाजू जास्त तापती."

गल्लीतल्या कुणालाही वाटलं असतं, म्हाताऱ्यानं खोट काढली. पण भाभीचा चेहरा असा फुलला, की शेखलाल बघतच राहिला. इतक्या वर्षांत भट्टीवाल्यानं तिला पत्रे परत दिले होते, वरचा खण आणि डावी बाजू कुणी सांगितली नव्हती. ती पुन्हा डबा घेऊन दौंडच्या स्वैपाकघरात उभी होती, आणि बाप तिला काम शिकवत होता.

"व्हय अब्बा," म्हणत तिनं मालनबाईंचा पत्रा वरच्या खणात सरकवला. तेवढ्यात लाईट गेली.

"माझी नानकटाई!" मालनबाई अंधारात किंचाळल्या.

"हात लावू नका," खाटेवरून दस्तगीरबाबा म्हणाले. "आत धग हाय. तिच्यावरच व्हईल."

झालीही. लाईट आली तेव्हा काचेतून दिसत होती, बदामी, मधोमध ठसे. फक्त लाईटबरोबर लाल दिवाही लागला होता आणि लाईटीच्या झटक्यानं आकडा पुन्हा पडला होता. पण आता कुणी घाबरलं नाही. मालनबाईंनी लुगड्याचा काष्टा आवळला, "माझा पत्रा, मीच काढणार," म्हणाल्या आणि पुढं झाल्या. नाच त्यांना पाठच होता, टपरीजवळच फुलांची पाटी असायची त्यांची. तळवे लावले, गुडघा लावला, हनुवटी वर केली, भारतनं बटण फिरवलं, मोटर बोलायला लागली, आणि मालनबाई जोरात कंबर हलवायला लागल्या.

खोलीत कुणी हसलं नाही. शेखलाल तर अजिबात नाही. तो गंभीरपणे पुढं झाला आणि म्हणाला,

"कंबर न्हाई, मालनबाई. कंबर हलवू नका. ती मडमेची नव्हती. ती माझ्या पदरची व्हती."